जिवंत पेशीतील गंधकाचा शोध

बालाघाट हा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा जिल्हा होय. येथील चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. रोवणीनंतर बांधीत पाणी दीर्घकाळ साचून राहिले, तर चिखलास कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा. मातीतील प्राणवायू संपला की काही जिवाणू सल्फेट या गंधकाच्या क्षारापासून हा वायू तयार करतात. मातीतील लोह त्यास बांधून ठेवते; त्यामुळे चिखल काळा दिसतो. लोह अपुरे पडल्यास मात्र मुळांना इजा होते.

मनुष्यासही हा वायू घातक आहे. प्रमाण वाढले की तो प्रथम घ्राणशक्तीच बधिर करतो. म्हणून बंद टाकीत अथवा गटारात वास येत नाही, एवढ्यावरून ती जागा सुरक्षित समजू नये.

असे असूनही हाच वायू अत्यल्प प्रमाणात आपल्या शरीरात सतत निर्माण होत असतो. तो मेंदूत संदेशवाहकाचे कार्य करीत असावा, असे १९९६ साली आबे व किमुरा या जपानी संशोधकांनी प्रतिपादन केले. रक्तवाहिन्या शिथिल करण्यातही त्याचा वाटा असल्याचे पुढे आढळले. मग उपकारक प्रमाण कोणते व अपकारक कोणते? जुन्या पद्धतीत ऊतक वाटून त्यात रसायन मिसळावे लागे. त्यावरून एकूण प्रमाण कळे. परंतु जिवंत पेशीत वायू कोठे व केव्हा निर्माण झाला, हे कळत नसे.

ही उणीव अनुदीप्त शोधकांनी भरून काढली. एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणे म्हणजे अनुदीप्ती. स्पिरिटात विरघळवलेली हळद जंबुपार दिव्याखाली हिरवट चमकते, ते याचेच उदाहरण. शिक्षकांना ते वर्गात दाखविता येईल. शोधक तयार करताना अशा चमकणाऱ्या रेणूस अझाइड हा नायट्रोजनयुक्त गट जोडून त्याची चमक झाकून ठेवतात. हायड्रोजन सल्फाइडची गाठ पडताच हा गट पालटतो आणि रेणू उजळतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतील ते स्थान प्रकाशित दिसते. अमेरिकेतील ख्रिस्तोफर चँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली असे शोधक प्रसिद्ध केले. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत डॉ. पिनाकी तालुकदार यांच्या गटानेही या वायूचे शोधक तयार केले आहेत.

मुख्य अडचण निवडीची आहे. पेशीत ग्लुटाथायोनसारखी गंधकयुक्त द्रव्ये कितीतरी पटींनी अधिक असतात. शोधकाने त्यांस फसता कामा नये. शिवाय शोधक त्या वायूशी संयोग पावताना तो खर्चही करतो. म्हणून दिसणारी चमक हे अचूक मोजमाप मानता येत नाही.

वनस्पतींच्या मुळांवरही असे शोधक वापरले गेले आहेत. शेतकरी बंधूंना मात्र साधी परीक्षा पुरेशी आहे. वाढ खुंटलेले रोप उपटून पाहावे. मुळे काळी व दुर्गंधीयुक्त असल्यास, कृषी कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने बांधीतील पाणी काही काळ काढून मातीत हवा खेळू द्यावी.