न दिसणारा अंतर्गळ

अंतर्गळ, म्हणजेच हर्निया, आपल्या लोकांस नवा नाही. माडावर चढणारा पाडेली असो वा ओझी उचलणारा मजूर, पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागी जोर करताना गोळा उठतो व निजल्यावर आत जातो. परंतु गोळा दिसला नाही म्हणजे अंतर्गळ नाही, असे समजू नये.

भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी केली. या पद्धतीत बेंबीपाशी लहानसा छेद घेऊन पोटात कार्बन डायॉक्साइड वायू भरतात व दुर्बीण आत घालतात. त्यामुळे पोटाची भिंत आतून दिसते. पित्ताशयासाठी गेलेल्या शल्यवैद्यास कधी जांघेत, कधी बेंबीपाशी छिद्र आढळते. रुग्णास त्याची कल्पनाही नसते.

तो लपतो कसा? छिद्र लहान असते, त्यात चरबीचा बोळा बसलेला असतो, किंवा शरीर स्थूल असते. पुरुषांत वृषण गर्भावस्थेत ज्या वाटेने खाली उतरतात, ती वाट काहींच्या बाबतीत पुरती बुजत नाही. स्त्रियांत अधिक आढळणारा मांडीच्या मुळाशी होणारा अंतर्गळ विशेष फसवा. त्याचे तोंड अरुंद असल्याने आतडे अडकण्याचा धोका मोठा.

मग सापडताच तो दुरुस्त करावा काय? जांघेतील लहान, त्रास न देणाऱ्या अंतर्गळावर पुष्कळदा नुसते लक्ष ठेवले तरी चालते. मांडीच्या मुळाशी असलेला बहुधा लवकर दुरुस्त करणेच इष्ट. पित्ताशयात पू झाला असेल, तर जंतुसंसर्गाच्या भीतीने कृत्रिम जाळी बसविणे टाळतात. शिवाय संमतीचा प्रश्न उरतोच. भूल दिलेल्या माणसास काय विचारणार?

म्हणून पेडणे-डिचोलीहून म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रियेस जाणाऱ्यांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारावे, “डॉक्टर, आत अंतर्गळ सापडला तर काय कराल?” घरी परतताना काय आढळले, हेही कागदावर लिहून घ्यावे व तो कागद जपून ठेवावा.

पुढे कधी गोळा कठीण होऊन आत जाईना, वेदना वाढल्या, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर तो चोळत वा दाबत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. अशा वेळी जपून ठेवलेला तो कागद डॉक्टरांस मोठा उपयोगी पडतो.