आधी मागचं चाक बघा

वजन शंभर किलोच्या पुढे असेल आणि रोडबाइक घ्यायची असेल, तर कंपनी, रंग, गिअर हे सगळं नंतर. दुकानात गेल्यावर आधी खाली वाका आणि मागच्या चाकाच्या तारा मोजा. मी सायकल सुरू केली तेव्हा माझं वजन 108 किलो होतं आणि सायकल चालवली ती भंडाऱ्याच्या रस्त्यांवर, म्हणून एवढ्या आग्रहाने सांगतो.

2018 साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून रोडबाइक माझ्या डोक्यात होती. मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. तिथे उंची विचारली, बजेट विचारलं. वजन कोणी विचारलं नाही. मिळाली ती देखणी, हलकी सायकल होती. टायर 23 मिलिमीटरचे, मागच्या चाकाला 24 तारा.

आंभोऱ्याच्या पुलाकडून परतताना मागून ‘टण्’ असा आवाज आला. एक तार तुटली होती. रिम डोलायला लागली, प्रत्येक फेऱ्यात ब्रेकला घासायला लागली, आणि सायकल हातात धरून चालणं आलं. गावातल्या मिस्त्रीने तार बदलली, चाकाचा आउट, म्हणजे डोल, काढून दिला. थोड्याच दिवसांत शेजारची तुटली. मग तिच्या पलीकडची. तेव्हा मिस्त्रीने चाक उलटं टांगलं, दोन तारा बोटांत धरून दाबल्या आणि म्हणाला, “भाऊ, दुधवाल्याच्या सायकलीले मागं चाळीस तारा रायतेत. तुमच्या सायकलीले किती हायेत, मोजा.”

त्याचं म्हणणं तंतोतंत खरं आहे. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीला पुढे 32 आणि मागे 40 तारा असतात. कॅरिअरवर दुधाचे कॅन, तांदळाचं पोतं किंवा अख्खं बिऱ्हाड लादायचं, तर भार मागे येणार, हे ती सायकल बनवणाऱ्यांनी धरलेलंच होतं. रोडबाइकवरही निम्म्याहून जास्त भार मागच्याच चाकावर पडतो. फक्त तिथे पोत्याच्या जागी आपण असतो.

तार तुटते कशी, हे समजून घ्या, म्हणजे दुकानात कोणी गुंडाळू शकणार नाही. ती ओझ्याने एका झटक्यात तुटत नाही. चाक फिरताना जमिनीकडची तार किंचित सैल पडते आणि वर जाताना पुन्हा ताणली जाते. रोडबाइकच्या चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर, म्हणजे वीस किलोमीटरमध्ये प्रत्येक तार साडेनऊ हजार वेळा सैल होते आणि ताणली जाते. स्वार जड आणि तारा कमी, तर प्रत्येकीच्या वाट्याला हा हिसका मोठा येतो. शेवटी हबपाशी ती जिथे वाकवलेली असते, तिथेच थकून तुटते. म्हणून ओळीने दोन-तीन तारा तुटल्या, की एकेक बदलत बसू नये. बाकीच्याही तेवढ्याच थकलेल्या असतात. सगळ्या तारा नव्या घालाव्यात, आणि जमलं तर चाकच नव्याने बांधून घ्यावं: दुहेरी भिंतीची रिम, 32 किंवा 36 तारा, प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून जाणारी. मी 36 तारांचं चाक बांधून घेतलं आणि त्या चाकाने मला अजून दगा दिलेला नाही. नवी सायकल घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्तात होतं.

हब बघताना आणखी एक गोष्ट विचारा. स्वस्त गिअरच्या सायकलींना मागे आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचे छर्रे आत राहतात आणि एक्सलचा बराच भाग आधाराविना बाहेर येतो. जड माणसाखाली तो वाकतो. कॅसेट बसणाऱ्या हबमध्ये आधार टोकाजवळ असतो. “फ्रीव्हील की कॅसेट?” एवढंच विचारायचं. दुकानदाराला उत्तर येत नसेल, तर दुसरं दुकान बघा.

टायरचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्यात 23 चा टायर म्हणजे शिक्षाच. महामार्ग ठीक आहे, पण पवनीकडे किंवा तुमसरकडे आत वळलात की रेतीच्या टिप्परांनी उखडलेलं डांबर, आणि रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या केजव्हीलने सांडलेली चिखलाची ढेकळं, ती वाळली की दगडासारखी. 32 मिलिमीटरचे टायर घ्या. पण आधी फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये ते मावतात का, ते दुकानातच बसवून बघा; बऱ्याच रोडबाइकमध्ये 28 च्या पुढे जागाच नसते. शंभर किलोच्या स्वाराने 32 च्या टायरमध्ये मागे सत्तर पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी, पुढे थोडी कमी. मीटर असलेला पंप घरी हवाच. अंगठ्याने दाबून अंदाज येत नाही, आणि हवा कमी राहिली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून पंक्चर होते.

फ्रेम ॲल्युमिनियमची असो वा स्टीलची, दोन्ही चालतात. कार्बनचा मोह सध्या बाजूला ठेवा. सायकलीसोबतच्या पुस्तिकेत किती वजन चालेल, हे लिहिलेलं असतं. त्यात माणूस आणि सामान धरलेलं असतं, कधी सायकलही. तो आकडा स्वतः वाचा.

आरामाचा प्रश्न मात्र फ्रेमच्या आकाराचा आहे. हँडल फार खाली असेल, तर प्रत्येक पायडलला मांडी पोटाला लागते, श्वास कोंडतो, हाताला मुंग्या येतात. माणूस समजतो, आपला दम कमी पडतो. अनेक जण इथेच सायकल सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या, उंच हँडलच्या रोडबाइक मिळतात, त्याच बघा. सीट गुबगुबीत नको. जाड जेलमध्ये माणूस रुततो आणि नको तिथे दाब येतो. खोक्याच्या पुठ्ठ्यावर बसा. बसण्याच्या हाडांचे दोन खळगे उमटतात. त्या अंतराहून थोडी रुंद, कडक सीट घ्या आणि आत पॅड असलेली चड्डी घाला.

गिअर हलके असावेत: पुढे 34 दात्यांची लहान चकती, मागे 32 किंवा 34. भंडारा सपाट आहे खरा, पण उन्हाळी वारा समोरून आला की सपाट रस्ताही चढ होतो, आणि आंबागडाकडे गेलात तर खरा चढही भेटतो.

“आधी वजन कमी करा, मग सायकल घ्या” असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. डॉक्टरांना दाखवा, बीपी-शुगर तपासा आणि आज आहे त्या वजनाला पेलणारी सायकल आजच घ्या. दुकानात गेल्यावर वजन आपणहून, खरं तेवढं सांगा. नवी सायकल दोनेकशे किलोमीटर चालली की मागचं चाक एकदा मिस्त्रीकडे न्या आणि सगळ्या तारांचा ताण बघायला सांगा; नव्या चाकाच्या तारा सुरुवातीला सैल पडतातच. ते काम तुमच्या समोर करून घ्या.