मेल पोहोचला, हे कोर्टात कसं दाखवायचं?

प्रश्न : गाळा सोडत असल्याची नोटीस मालकांना मेलने दिली. आता ते ‘मेल आलाच नाही’ म्हणतात, अनामतही अडवून बसलेत. मेलची प्रिंट चालेल का?

उत्तर : नुसत्या प्रिंटवर विसंबू नका. ‘सेंट’मधला मूळ मेल तसाच राहू द्या आणि पूर्ण हेडरसह (मेल कुठून, कधी, कसा गेला याची तांत्रिक नोंद) डाउनलोड करा. फॉरवर्ड केलेल्या प्रतीचं हेडर वेगळं असतं.

मग भाडेकरार काढा. त्यात मालकांनी मेलचा पत्ता दिला असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम १३प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर, मेल त्या पत्त्याच्या यंत्रणेत शिरला की तो मिळाला असं धरतात. उघडला की नाही, हा मुद्दाच नाही. त्यांनी नंतर ‘चावी कधी देता?’ एवढं जरी लिहिलं असेल, तरी ते जपा. माझ्या मते, कुठल्याही तांत्रिक नोंदीपेक्षा ते बोलकं आहे.

मेलचा मजकूर सिद्ध करण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागेल : एक भाग तुमचा, दुसरा तज्ज्ञाचा, सोबत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश बदलते. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये जुन्या पुरावा कायद्यातलं असंच प्रमाणपत्र आवश्यक ठरवलं होतं. म्हणून वकिलांकडे जाताना, मेल ज्यावरून पाठवला तो लॅपटॉपही न्या.