पिंजऱ्यातलं पिल्लू आणि माझी लादी

पिल्लू घरात शू करणार, हे मलाही कळतं. पण आमचा बंटी झोपायच्या जागीच करायचा आणि तिथेच अंग मुडपून झोपून जायचा. विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "पेपर ट्रेन्ड आहे, मॅडम." तक्रार केली तर म्हणे, "पिल्लू आहे, करणारच!"

मग त्यानेच एक ट्रेनर धाडला. निम्मे पैसे आगाऊ घेऊन त्या गृहस्थाने काय केलं? बंटीची मान धरली, नाक त्या थारोळ्यात घासलं आणि वर मलाच ऐकवलं, "तुम्ही फार लाड करता." त्यानंतर लादी कोरडी राहू लागली. ट्रेनर खूश. एके दिवशी वॉशिंग मशीन सरकवलं, तर मागे पिवळट पापुद्रे, वाळलेली शी आणि त्यात चिकटलेला नवऱ्याचा मोजा. मारझोडीने पिल्लू एवढंच शिकलं होतं, की माणसांदेखत करायचं नाही.

खरा उलगडा पशुवैद्यांच्या टेबलावर झाला. दात बघून ते म्हणाले, "हे आईपासून फार लवकर तोडलंय. पिंजऱ्यात होतं का?" होतंच. खाणं, झोपणं, हगणं सगळं एकाच कागदावर. एरवी पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली, की झोपायची जागा सोडून जरा लांब जाऊन करतात. पिंजऱ्यात लांब जाणार कुठे? पायाखाली कागद आला की करायचं, हे मात्र पक्कं बसलेलं. सासऱ्यांनी जमिनीवर पेपर पसरला, की बंटी थेट अग्रलेखावर. हेच ते ट्रेनिंग! आणि बोल मला, की घरात बाईमाणूस असून कुत्र्याला वळण नाही.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तो कागद आधी बघा, पिल्लाचे डोळे नंतर. आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर सरळ निघा.

आमच्या शिरवण्यात गल्लोगल्ली मोकाट कुत्री, आणि पार्व्होच्या लशीचे डोस पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत चालतात. तोवर खाली रस्त्यावर नेणं धोक्याचं. म्हणून गच्चीत मातीचा ट्रे ठेवला, वर त्याच्याच शूने भिजलेला कागद. तो रोज थोडा थोडा फाडून लहान केला. एकदम काढू नका. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, खेळता खेळता जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की लगेच उचलून ट्रेवर. खाऊ तिथल्या तिथे द्यायचा. घरात आल्यावर दिलात, तर त्याला वाटतं घरात आल्याचं बक्षीस. रात्री गजर लावून उठायचं, दुसरा इलाज नाही. फिनेलने वास आपल्यापुरता जातो, त्याच्या नाकाला तो येतच राहतो आणि ते पुन्हा तिथेच करतं. एन्झाइमवालं क्लीनर आणा. वेळा पाळा, धीर धरा, घरातल्या सगळ्यांनी एकच पद्धत ठेवा. हे सगळेच सांगतात, करतं कोण ते विचारू नका.

बंटी आता स्वतःहून गच्चीच्या दाराशी जाऊन भुंकतो. श्रेय ट्रेनर घेतोय. उरलेल्या पैशांसाठी त्याचे फोन येतात. मी उचलत नाही.