मुलांचं डेबिट कार्ड: पैसे नेमके कुठे कापले जातात

भोपाळच्या एम. पी. नगरला कोचिंगसाठी जाणाऱ्या मुलाच्या हातात रोज रोख देण्यापेक्षा कार्ड द्यावं, असं बऱ्याच घरांत वाटू लागतं. विचार चांगलाच आहे. पण कार्डाआधी खातं नीट निवडा.

दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःच्या सहीने बचत खातं उघडून चालवू शकतं. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५च्या सुधारित सूचनांतही हे कायम आहे. मर्यादा किती आणि कार्ड द्यायचं का, ते बँक ठरवते. स्टेट बँकेत ‘पहला कदम’ हे पालकांसोबतचं खातं, तर ‘पहली उडान’ मुलाच्या एकट्याच्या नावाचं. दोन्हींत किमान शिल्लक लागत नाही. कार्डावर मर्यादा ५,००० रुपयांची.

आता शुल्क. स्टेट बँकेच्या साध्या क्लासिक कार्डाला १ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे २३६ रुपये लागतात. बचत खात्यावर अडीच टक्के व्याज धरलं, तर तेवढे कमवायला ९,४४० रुपये वर्षभर पडून राहावे लागतील. खाऊच्या पैशांतून एवढी शिल्लक कुठून राहणार? म्हणून मुलाच्या खात्याला हे शुल्क लागतं का, हे फॉर्म भरतानाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. लागत असेल तर ‘बेसिक’ बचत खातं मागा. त्याला वयाची अट नाही, कार्डाला वार्षिक शुल्क नाही. मात्र त्याच बँकेत मुलाचं दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

भोपाळ महानगरांच्या यादीत नाही, त्यामुळे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ व्यवहार मोफत मिळतात, मुंबईत ३च. नुसती शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार धरतात. पुढच्या प्रत्येक वेळी पैसे काढायला २३ रुपयांपर्यंत अधिक जीएसटी, म्हणजे साधारण २७ रुपये. मुलं फसतात ती वेगळ्याच ठिकाणी: खात्यात १८० रुपये असताना ५०० मागितले, की पैसे तर मिळत नाहीतच, वर स्टेट बँक २० रुपये अधिक जीएसटी कापते. हे मुलाला आधी समजावून सांगा. कार्ड हरवलं तर नव्याचे ३५४.

मध्य प्रदेश बोर्डाच्या बारावीत ७५ टक्क्यांवर गुण मिळाले, की लॅपटॉपसाठी राज्य सरकारचे २५,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. ५,०००च्या मर्यादेचं कार्ड न्यू मार्केटच्या दुकानात एका फटक्यात ही रक्कम भरू शकत नाही, तेव्हा चेकबुकची सोय आधीच करून ठेवा. याच सुमारास मूल अठराचं होतं. नवी सही आणि केवायसी लगेच देऊन टाका, नाहीतर ऐन गरजेला व्यवहार अडतील.

नव्या कार्डावर ऑनलाइन, परदेशी आणि पिनशिवाय टॅप करण्याचे व्यवहार बंदच असतात. टॅप तरी बंदच राहू द्या, कारण हरवलेल्या कार्डावरून ५,००० रुपयांपर्यंत पिन न विचारता जाऊ शकतात. पैसे परस्पर गेले, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला ३ कामकाजाच्या दिवसांत कळवा. चूक बँकेची किंवा तिसऱ्याची असेल, तर भुर्दंड तुमच्यावर येत नाही. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तिथे एक पैसाही लागत नाही.