हक्काचें दार कोणीं दाखवावें?
वृद्ध व अपंग यांच्या साहाय्य-केंद्रांविषयीं एक पाठ

म्हातारपण किंवा अपंगपणा एखाद्या घरीं आला म्हणजे दुःखाच्या जोडीनें गोंधळहि येतो. कोणाकडे जावें, कोणता कागद न्यावा, पैसे कोण देईल, आणि आपल्या माणसाला घरीं ठेवतां येईल कीं नाहीं, या चार प्रश्नांपुढें शहाणीं माणसेंहि गांगरून जातात. या गोंधळावर अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत एक उपाय निघाला आहे, त्याचा विचार आम्ही या पाठांत करणार आहों. तो उपाय म्हणजे वृद्ध व अपंग यांच्यासाठीं तेथील संस्थानांनीं उभारलेलीं साहाय्य-केंद्रें. या कामीं विस्कॉन्सिन संस्थान अग्रेसर होतें, म्हणून उदाहरण त्याचेंच घेऊं.

1. कायदे होते, पण वाट ठाऊक नव्हती.

सन 1965 च्या जुलै महिन्यांत अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीनें अमेरिकेंत तीन मोठ्या गोष्टी मंजूर झाल्या. पहिली, वृद्धांच्या सेवेसंबंधीं कायदा. दुसरी, मेडिकेअर, म्हणजे 65 वर्षें व त्यावरील वयाच्या माणसांचा औषधोपचाराचा विमा. तिसरी, मेडिकेड, म्हणजे गरिबांच्या औषधोपचारासाठीं मध्यवर्ती सरकार व संस्थान यांनीं मिळून करावयाचा खर्च. पुष्कळांचा असा समज असतो कीं, मेडिकेअर असली म्हणजे म्हातारपणाची सर्व सोय झाली. तसें नाहीं. इस्पितळांतून सुटल्यावर शुश्रूषागृहांतील तज्ज्ञ शुश्रूषेचा खर्च ती ठराविक अटींवर, फार तर 100 दिवसांपर्यंत उचलते. आंघोळ, कपडे, जेवण यांत वर्षानुवर्षें लागणारी मदत तिच्यांत येत नाहीं. ती मदत मेडिकेडकडून मिळते, परंतु माणसाची मिळकत व शिल्लक अगदीं थोडी असेल तरच.

त्यांत आणखी एक अडचण होती. शुश्रूषागृहाचा खर्च देणें मेडिकेडला बंधनकारक होतें. घरीं मदतनीस पाठविण्याचा खर्च मात्र संस्थानाच्या खुषीवर होता, व त्याच्या जागा मोजक्या असत. यामुळें ज्याला घरीं राहावयाचें असे त्याला यादींत नांव घालून थांबावें लागे, आणि ज्याला घर सोडावयाचें नसे तोच घराबाहेर ढकलला जाई.

2. विस्कॉन्सिनमध्यें काय केलें?

हें शेतकऱ्यांचें व दूधदुभत्याचें संस्थान आहे. शुश्रूषागृहांत जाण्याच्या वाटेवर असलेल्या माणसाला घरींच मदत देऊन ठेवतां येईल काय, हें पाहणारी एक योजना तेथें 1981 सालीं निघाली. योजना चांगली होती, पण थांबणारांच्या याद्या लांबत गेल्या. मग 1998 सालीं फॅमिली केअर नांवाच्या नव्या योजनेचा प्रयोग आरंभिला, आणि त्याच्या जोडीला कांहीं कौंट्यांत पहिलीं साहाय्य-केंद्रें उघडलीं. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. आज तेथील सर्व 72 कौंट्यांना अशा केंद्रांची सेवा मिळते. हा कित्ता पाहून मध्यवर्ती सरकारानें 2003 पासून इतर संस्थानांना अशा कामासाठीं पैसे देण्यास आरंभ केला, व 2006 सालीं वृद्धांच्या कायद्यांत या केंद्रांना स्थान दिलें.

3. केंद्रांत काय घडतें?

समजा, 81 वर्षांची एक विधवा बाई शेतावरील घरांत एकटी राहते. मुलगा दूरच्या शहरीं कामाला आहे. पाय घसरून तिचें मांडीचें हाड मोडतें. इस्पितळांत शस्त्रक्रिया होते, आणि थोड्याच दिवसांत तेथील लोक मुलाला म्हणतात, "आतां यांना कोठें न्यावयाचें तें ठरवा." त्याच्या हातीं शुश्रूषागृहांची एक यादी असते आणि विचाराला दोन दिवस. अशा घाईंत घराला कुलूप लागतें, आणि जी बाई थोड्या मदतीनें आपल्या घरीं राहिली असती, ती उरलेलें आयुष्य परक्या खाटेवर काढते.

तोच मुलगा कौंटीच्या केंद्राला टेलिफोन करील, तर गोष्ट निराळी होऊं शकेल. मिळकत किती आहे असें विचारून केंद्र कोणाला दार लावीत नाहीं; श्रीमंत व गरीब दोघांनाहि सल्ला मोफत मिळतो. केंद्राचा माणूस स्वतः बाईला भेटावयास जातो. आंघोळ, कपडे घालणें, जेवणें, घरांत चालणें, शौचास जाणें, खाटेवरून उठून खुर्चीवर बसणें, यांपैकीं तिला काय करतां येतें, तें तो पाहतो. स्वयंपाक, औषधें, पैशाचा हिशेब, टेलिफोन व बाहेर जाणेंयेणें यांविषयींहि विचारतो. तिला काय हवें आहे हें तिच्याच तोंडून ऐकतो. मग निरनिराळे मार्ग तिच्यापुढें मांडतो: घरीं पोंचविलें जाणारें जेवण, न्हाणीघरांत धरावयास दांडा, आठवड्यांतून कांहीं वेळां येणारा मदतनीस, किंवा खरोखरच गरज असेल तर शुश्रूषागृह. खर्च कोठून निघेल तेंहि सांगतो.

केंद्राकडून हक्कांच्या जाणकारांचीहि मदत मिळते. 60 वर्षांवरील माणसांसाठीं एक व 18 ते 59 वयाच्या अपंगांसाठीं दुसरा, असे ते असतात. अर्ज नामंजूर झाला तर अपील कसें करावें, यांत ते साह्य करतात. अपंग मुलगा किंवा मुलगी 17 वर्षें 6 महिन्यांची झाली म्हणजे केंद्र त्यांचीहि विचारपूस करूं लागतें. कारण मुलांची मदत संपून प्रौढांची मदत सुरू होण्यापूर्वीं मध्यें खंड पडूं नये.

4. सल्ला देणारा विकणारा नसावा.

या व्यवस्थेंतील आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही कीं, विस्कॉन्सिनमध्यें फॅमिली केअरची सेवा पुरविणाऱ्या संस्था वेगळ्या व तिजविषयीं सल्ला देणारें केंद्र वेगळें ठेविलें आहे. बैल विकणाराच बैलाचे दांत पाहून सांगूं लागला, तर गिऱ्हाइकानें विश्वास कोणावर ठेवावा? बाईनें कोणता मार्ग घेतला यावर केंद्राचा नफातोटा अवलंबून नाहीं. म्हणून त्याला तिच्या बाजूनें बोलतां येतें.

5. निवड ज्याची त्याची.

सन 1999 मध्यें जून महिन्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें एक मोठा निकाल दिला. लोइस कर्टिस व इलेन विल्सन या दोन अपंग स्त्रिया जॉर्जिया संस्थानाच्या मनोरुग्णालयांत होत्या. समाजांत राहून उपचार घेण्यास त्या योग्य आहेत असें वैद्यांचें मत असूनहि त्यांना तेथेंच ठेविलें होतें. न्यायालयानें ठरविलें कीं, विनाकारण असें कोंडून ठेवणें हा 1990 च्या कायद्याप्रमाणें अपंगांविषयीं केलेला भेदभाव आहे. या निकालानंतर संस्थानांना घरच्या व गावच्या सेवांकडे अधिक लक्ष द्यावें लागलें. म्हणून साहाय्य-केंद्राचें काम माणसाला कोठें तरी नेऊन ठेवणें हें नव्हे. निवड करणें त्याला शक्य व्हावें, हें होय.

6. केंद्राची मर्यादा.

तथापि केंद्राविषयीं भलतीच आशा धरूं नये. तें दार दाखवितें. घरांतील भाकरी कांहीं तें भाजीत नाहीं. मदतनीस मिळत नसेल, किंवा मिळाला तरी शेतावरील घर फार लांब असेल, तर उत्तम सल्लाहि कागदावर राहतो. हें खरें असलें तरी, वाट न कळल्यामुळें जें नुकसान होतें, तें तरी टळतें.

7. आपण काय शिकावें?

आपल्या देशींहि कायदे आहेत. 2007 सालीं आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या पोषणाचा कायदा झाला. 2016 सालीं दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यांत 21 प्रकारचीं अपंगत्वें मानलीं आहेत. 2021 सालीं ज्येष्ठांसाठीं 14567 या क्रमांकाची मोफत टेलिफोन-सेवा देशभर सुरू झाली. पण ज्या म्हातारीला क्रमांक ठाऊक नाहीं, तिला या सर्वांचा काय उपयोग? गावांत ज्याला लिहितां वाचतां येतें त्याच्याकडेच लोक कागद घेऊन येतात. त्यानें सर्व कायदे जाणावे अशी अपेक्षा नाहीं. परंतु "हें माझें काम नव्हे" असें म्हणून कोणालाहि परत पाठवूं नये. पुढचें दार कोणतें, एवढें तरी विचारून सांगावें, आणि बनेल तर तेथवर सोबत जावें.

विचारासाठीं प्रश्न

(1) मेडिकेअरमध्यें कोणती मदत येत नाहीं?
(2) सल्ला देणारें केंद्र सेवा पुरविणाऱ्या संस्थेपासून वेगळें कां असावें?
(3) आपल्या गावांत घरीं अडकून पडलेले वृद्ध व अपंग कोण आहेत? त्यांना काय हवें आहे, हें आपण त्यांना शेवटचें केव्हां विचारलें?