घराखालच्या पोकळीला वारा द्यावा का?

प्रश्न : माझ्या मुलीने आणि जावयांनी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी या गावी घर घेतलं आहे. घराखाली माणूस रांगत जाईल एवढी पोकळी आहे, तिला तिथे क्रॉलस्पेस म्हणतात. पायाच्या भिंतींत छोटे झरोके आहेत. गेल्या उन्हाळ्यापासून घरात कुबट वास येतो. मी म्हटलं, झरोके उघडा, वारा खेळू द्या. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे; ओल घालवायची तर दारं-खिडक्या उघडायच्या, हेच आम्हाला ठाऊक. तिथला कारागीर मात्र झरोके कायमचे बंद करा म्हणतो. खरं कोणाचं? आणि या जागेची वर्षभर निगा कशी राखायची?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ओल घालवायला वारा हवा, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, फक्त तो वारा कोरडा हवा. रत्नागिरीकडे घर उघडून वारा देतात तो पाऊस सरल्यावर, हवेतला दमटपणा कमी झाल्यावर. भर आषाढात खिडक्या उघड्या ठेवल्या तर कपाटातल्या कपड्यांना आणि चपलांना बुरशीच धरते. नॉर्थ कॅरोलिनातले जुलै-ऑगस्ट असेच दमट असतात.

पोकळीत काय घडतं ते पाहू. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ७० टक्के आहे असं धरा. ही हवा सुमारे २४ अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं. घराखालची माती सावलीतली, म्हणून थंड. वर एसी चालू असल्याने जमिनीच्या फळ्या थंड, आणि एसीच्या हवेचे नळ त्याहून गार. झरोक्यातून आलेली हवा त्यांना लागली की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर येतात तसे थेंब धरतात. लाकडी कड्यांच्या मधे बसवलेलं फायबरग्लासचं इन्सुलेशन हे पाणी धरून ठेवतं, जड होतं आणि लोंबू लागतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी आणि कुजण्याची भीती असते. शिवाय घरातली गरम हवा वर चढते तशी खालची हवा फटींतून घरात ओढली जाते. मुलीच्या घरातला कुबट वास बहुधा याच वाटेने येत असावा.

मग झरोके ठेवलेच का? दर १५० चौरस फूट जागेमागे १ चौरस फूट झरोका, हा तिकडच्या बांधकामाचा जुना नियम. उघड्या मातीतून येणारी वाफ बाहेर पडावी हा त्यामागचा हेतू. या शतकाच्या सुरुवातीला नॉर्थ कॅरोलिनातल्याच प्रिन्सव्हिल गावात अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने १२ घरांवर हे तपासून पाहिलं. झरोके बंद करून नीट कोरड्या ठेवलेल्या पोकळ्या उन्हाळ्यात झरोकेवाल्यांपेक्षा कितीतरी कोरड्या राहिल्या, आणि त्या घरांना वातानुकूलनासाठी ऊर्जाही कमी लागली.

तेव्हा कारागिराचा सल्ला योग्य आहे, पण नुसते झरोके बुजवून भागणार नाही. आधी मातीवर निदान ०.१५ मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. जोडाशी अर्धा फूट एकावर एक घ्यावा, कडा भिंतीवर चढवून चिकटवाव्यात, आणि आत डिह्युमिडिफायर किंवा एसीची थोडी कोरडी हवा द्यावी. भिंतीच्या वरच्या कडेला तीनेक इंच पट्टा मोकळा ठेवावा, म्हणजे वाळवी चढली तर दिसते. तीन गोष्टी आधी विचाराव्यात. पोकळीत गॅसवर चालणारी भट्टी किंवा बंब आहे का? असेल तर त्याला जळायला लागणारी हवा कुठून मिळणार हे ठरल्याशिवाय झरोक्यांना हात लावू नये. कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. घर पूरक्षेत्रात आहे का? तिथे पुराचं पाणी आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोकं बुजवता येत नाहीत. आणि रेडॉन वायूची चाचणी झाली आहे का?

आता वर्षभराची निगा.

मार्च-एप्रिलमध्ये वाळवीचे पंख फुटलेले किडे उडतात. टॉर्च घेऊन पायाच्या भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या दिसतात का ते पाहावं. कड्यांमध्ये स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहावं. ते सहज रुतलं तर लाकूड कुजलं आहे. दोन सुयांचा ओलावामापक असेल तर आकडा १५-१६ टक्क्यांच्या आत असावा.

उन्हाळ्यात लक्ष आर्द्रतेवर. बाजारात बिनतारी हायग्रोमीटर मिळतो. तो आत ठेवून घरात बसून आकडा वाचता येतो. तो ६० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. एसीचं पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली नाही ना, आणि कपडे वाळवण्याच्या यंत्राची वाफ पोकळीत सुटत नाही ना, हे पाहावं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानगळ होते आणि छताच्या पन्हळी भरतात. तुंबलेल्या पन्हळीतलं पाणी थेट पायाशी पडतं. पन्हळी साफ कराव्यात, खाली उतरणाऱ्या नळाचं तोंड पायापासून पाच-सहा फूट लांब न्यावं, आणि घराभोवतीची जमीन पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच उतरती ठेवावी. वर्षभरातलं सर्वांत मोलाचं काम हेच.

थंडीत तापमान शून्याखाली जातं, तेव्हा पाण्याच्या नळांवर आवरण हवं. बागेच्या नळाची रबरी नळीही काढून ठेवावी.

आत जाताना चांगला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि बाहेर एक माणूस उभा असावा. त्या भागात कॉपरहेड साप आणि ब्लॅक विडो कोळी आढळतात. आत पाणी साचलेलं असेल तर आधी वीज बंद करवून घ्यावी. पाण्यात कोणीही उतरू नये.

मुलीला सांगा, वास घालवण्यासाठी सुगंधी फवारे मारू नका आणि आजच प्लॅस्टिकही अंथरू नका. पुढचा जोराचा पाऊस पडला की छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा आणि पाणी कुठे साचतं ते पाहा. आधी ते पाणी घरापासून दूर करा. झरोके बंद करण्याचा खर्च त्यानंतरच करा.